गाळा रिकामा करण्याच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला अण्णांचा गाळा आज उघडला. अण्णा म्हणजे माझे सासरे. मे महिन्यात ते गेले, तेव्हापासून शटर खालीच होतं. पावसाने पट्ट्या गंजून ते अर्ध्यात अडकलं, मग बारक्यामामाने खालून पहार घालून वर ढकललं.

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवतो. मेहुणा पुण्याला असतो. त्याला दर रविवारी फोनवर सगळं सांगत बसण्यापेक्षा ही वही बरी. गाळा भाड्याचा आहे, मालकाला सप्टेंबरअखेर रिकामा हवाय. आत सहा फुटी लेथ (लोखंड फिरवून कातायचं मशीन), बेंच ड्रिल, ग्राइंडर, पॉवर हॅक्सॉ, व्हाइस बसवलेलं टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले बारचे तुकडे. सासूबाईंना मीही आईच म्हणतो. त्यांनी तीन गोष्टी सांगून पाठवलंय. घेतलेली कामं पुरी करून द्यायची. जे होणार नाही त्याचा अ‍ॅडव्हान्स परत करायचा. आणि लेथ भंगारात घालायचा नाही.

तिसरी गोष्ट उगाच नाही सांगितलेली. तेरावा व्हायच्या आधीच एक जण दारात येऊन किलोचा भाव विचारून गेला होता. मामा त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत ‘सोडून’ आला, असं कळलं.

बारक्यामामा कोण, तेही लिहितो. सोळाव्या वर्षी अण्णांकडे कीस झाडायला आला, आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात, पण गाळ्यांच्या लाइनीत अजून सगळे बारक्याच म्हणतात. अण्णांच्या हाताखाली पूर्ण टर्नर झाला. मी बँकेत कर्ज विभागात, त्यामुळे इथे माझं काम टॉर्च धरणं आणि लिहिणं. आत शिरल्या शिरल्या मामाने पहिला नियम सांगितला, तोही लेथच्या चकचा, म्हणजे लोखंड पकडून फिरवणाऱ्या भागाचा, “जावईबापू, चकची चावी चकात कधी ठेवायची नाही. मशीन बंद असलं तरी. चावी चकात आहे तोवर हात चावीवर. अण्णांनी माझ्या डोक्यात टपली मारून शिकवलंय.”

लेथवर आईंची जुनी सुती साडी पांघरलेली होती. ती उचलली तर खाली बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, तेलाने ओला, चकचकीत. साडी टेलस्टॉकच्या, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाच्या, बाजूला वीतभर कमी पडली होती, तेवढ्याच भागावर गंज. शेवटच्या दिवशी छातीत कळ येतेय म्हणून अण्णा लवकर घरी निघाले होते. तरी तेल मारून, साडी टाकूनच निघाले. मामा त्या तेलावरून बोट फिरवत बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “चला, रॉकेल आणा.”

१३ जुलै, रविवार

आज डायऱ्या. अण्णा दरवर्षी एक डायरी वापरायचे, कुठल्या तरी पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिवाळीत दिलेली. सगळ्या कपाटात ओळीने लावलेल्या आहेत. यंदाच्या डायरीतून बाकी कामं काढायची होती, तेवढ्यासाठी बसलो आणि संध्याकाळ तिथेच झाली.

एका ओळीत एक काम. पार्टी, माप, नग, दर, अ‍ॅडव्हान्स. पण घरचं वेगळं पान नाही. एका ओळीत ‘शाफ्ट, ईएन ८, ३५ सीट, १ नग, कांडप, किसननगर’, तर खालच्याच ओळीत ‘घरी, गुडघ्याचा पट्टा, मोठी साइज’. त्याखाली ‘गनमेटल बुश, ४ नग’, त्याखाली ‘बारक्या, मुलीची वह्या-पुस्तकं, दिले’. झालेल्या ओळीवर बरोबरची खूण. पट्ट्यावरही खूण आहे, बुशवरही आहे.

मग जुन्या डायऱ्या उघडल्या. बायको दहावीला होती त्या वर्षीच्या मार्च महिन्यात प्रत्येक पानावर खाली एकच ओळ: ‘६.३० बंद’. मार्च म्हणजे सगळ्या कंपन्यांची वर्षअखेर, रात्री अकरापर्यंत लेथ चालवून दुप्पट पैसे मिळण्याचा महिना. त्या महिन्यात अण्णांनी एकही रात्रीचं काम घेतलेलं दिसत नाही. मेहुण्याच्या दहावीलाही तेच.

रात्री बायकोला हे दाखवलं. ती म्हणाली, “शेजारी बसायचे नुसते. इंग्रजीचं काही कळायचं नाही त्यांना. पण भूमितीत टॅन आला तेव्हा एकदम जागे झाले.” तिला साइन-कॉस-टॅन काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. अण्णांनी तिला रविवारी गाळ्यात आणलं, एका बारवर टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढून दाखवला आणि खडूने जमिनीवर लिहिलं: मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले दुप्पट लांबी, म्हणजे टॅन. तेवढ्या कोनात टूल धरणारी कंपाउंड स्लाइड फिरवायची, की टेपर आलाच. “शाळेत टॅन कशाला असतो ते कुणी सांगितलंच नव्हतं,” बायको म्हणाली. गाळ्यात यायला मात्र ती अजून तयार नाही. मी आग्रह करत नाही.

१९ जुलै, शनिवार

गंज काढला. मला वाटलं होतं पॉलिश पेपर घासायचा. मामा जवळजवळ किंचाळलाच. एमरीची पूड बेडवर राहिली की सॅडलखाली, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाखाली, जाते आणि बेड खाते. रॉकेल, पितळेची घासणी आणि चिंध्या, बस्स. बाकीचं हाताला लागेल तितकं.

चकजवळच्या दीड फुटात बेड नुसत्या डोळ्यांनीही खोल दिसतो. सगळी बारीक कामं चकजवळच होतात, त्यामुळे सॅडल तिथेच सतत पुढे-मागे होत राहतो आणि झिजवतो. “बेड खाल्लाय,” मामा म्हणाला. तरीही अण्णांच्या मापाची खात्री असल्याने लोक भिवंडीहून यायचे. हे कसं, ते विचारलं तर म्हणाला, “ते नंतर.”

लेथची गोष्ट मामाकडून पुन्हा एकदा ऐकली, लग्नात ऐकली होती त्याहून जरा वेगळी. अण्णा गावाहून आले, आयटीआयचा टर्नरचा दाखला आणि अप्रेंटिसशिप करून एका कंपनीत लागले. याच लेथवर त्यांची सगळी नोकरी झाली. कंपनी बंद पडली, देणी मिळायला वर्षं गेली, शेवटी मशिनरीचा लिलाव झाला. बाकीचे टर्नर नव्या नोकऱ्या शोधत होते. अण्णा पतपेढीचं कर्ज काढून लिलावाला गेले आणि स्वतःचाच लेथ विकत घेऊन आले. दुसरे चांगले लेथ होते तिथे. “याच्या खोड्या मला माहिती आहेत,” एवढंच कारण.

एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. अण्णा आले तेव्हा इथे रात्रपाळीच्या भोंग्यावर लोकांची घड्याळं लागत. आता आमच्या लाइनीत एक जिम, एक कॉल सेंटर आणि एक केटररचं गोदाम आहे. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज ही आता रिक्षावाल्यांच्या तोंडी नाक्यांची नावं आहेत. आमच्या मुलीला तर ‘नितीन’ हे नाक्याचंच नाव वाटतं.

२७ जुलै, रविवार

पहिलं बाकी काम झालं. किसननगरच्या मिरची-कांडपचा शाफ्ट.

कांडपवाल्या काकू स्वतः जुना शाफ्ट घेऊन आल्या. बेअरिंग शाफ्टवरच फिरत राहिल्याने सीट, म्हणजे बेअरिंग बसतं तो भाग, खाल्लं होतं, बोट फिरवलं तरी खड्डा कळत होता. बेअरिंग ६२०७, म्हणजे आतला व्यास ३५ मिमी. मामाने ईएन ८ पोलादाचा बार फोर जॉ, म्हणजे चार जबड्यांच्या, चकमध्ये धरला, डायल लावून चारही जबडे एकेक करत सरकवत तो मध्यात आणला. फेसिंग (टोक सपाट करणं), मग रफ टर्निंग (जाडाभरडा कट). निळसर झालेले कीस गुंडाळ्या होऊन खाली पडायला लागले आणि गाळ्यात तो वास आला, जळलेल्या तेलाचा आणि पाण्यात मिसळलेल्या सोल्युबल ऑइलच्या दुधाचा. अण्णा घरी आले की दारातच यायचा तो.

शेवटचे कट फार बारीक. मायक्रोमीटर लावायचा, पुसायचा, परत लावायचा. गरम जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मोठा दाखवतो म्हणून मामाने चहा सांगितला आणि चहा संपेपर्यंत मशीनला हात लावला नाही. मग शेवटचा कट. बेअरिंग हाताने अर्धं बसलं, पुढे पाइप ठेवून हलक्या हातोडीने ठोकत गेलं. “असंच पाहिजे,” मामा म्हणाला. सहज गेलं असतं तर पुन्हा फिरलं असतं, आणि जोर लावावा लागला असता तर बेअरिंग घट्ट होऊन तापलं असतं.

काकू सगळा वेळ स्टुलावर बसून होत्या. चैत्रात मसाल्याचा सीझन असताना दोन वर्षांपूर्वी मशीन बंद पडलं, बाहेर बायकांची रांग, तेव्हा अण्णा रात्री जेवण टाकून आले होते म्हणे. शाफ्ट बसवला आणि मग बेल्टवर अंगठा दाबून बघत विचारलं, “एवढा ताणलाय कुणी?” बेल्ट गिटारसारखा ताणून बसवल्यामुळेच बेअरिंग जात होतं. पैसे शाफ्टचे घेतले; बेल्ट सैल करायचे नाहीत. “आता नवा शाफ्ट लागला कारण मधे माझ्या मुलाने परत ताणला,” काकू म्हणाल्या. हे त्यांनी मुलासमोर, त्याच्याकडे न बघता सांगितलं. जाताना आईंसाठी अर्धा किलो मसाला.

३ ऑगस्ट, रविवार

अ‍ॅडव्हान्स परत करण्याची फेरी: लोकमान्य नगर, श्रीनगर, चेकनाका. तीन पार्ट्यांची कामं होणार नव्हती, कारण ड्रॉइंग अण्णांच्या डोक्यात होतं. दोघांनी पैसे घेतले. तिसऱ्याने घेतले नाहीत, उलट मागचा हिशोब काढून अण्णांचेच तीनशे निघतात म्हणून हातात ठेवले. डायरीत पाहिलं तर खरंच बाकी होते.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. मेहुणा पुण्याहून आला होता. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाला, गाळ्यात जाऊ.

तो चाकणला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रॅमिंग करतो. बॅगेतून डायल इंडिकेटर घेऊनच आला होता. चकजवळ बेड किती खाल्लाय ते तासभर मोजत बसला, आकडे कागदावर लिहिले आणि डोकं खाजवत म्हणाला, “एवढ्या झिजलेल्या बेडवर बाबा ०.०२ मिमीमध्ये जॉब कसे काढत होते? आमच्याकडे असलं मशीन एक दिवस ठेवणार नाहीत.”

मामाने उत्तर न देता मोठ्या कपाटाचं दार आतून उघडून दाखवलं. आतल्या बाजूला, हिरव्या रंगावर, पेन्सिलने तक्ता. डावीकडे चकपासूनचं अंतर इंचांत: १, २, ३, ४, असं अठरापर्यंत. उजवीकडे ‘घरं’. टूल आत-बाहेर करणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलवर ज्या रेघा असतात त्यांना हे लोक घर म्हणतात. चकपासून तीन इंचांवर अर्धं घर आत, पाचवर पाऊण, नऊवर पाव, चौदाच्या पुढे काही नाही. बेड जिथे खाल्लाय तिथे सॅडल खाली बसतो, टूल जॉबपासून किंचित मागे जातं आणि जॉब तेवढा जाड राहतो. अण्णा कट चालू असताना हाताने तेवढं टूल आत देत जायचे. आकडे खोडून नवे लिहिलेत, काही ठिकाणी तीन-तीनदा. बेड झिजत गेला तसा तक्ता बदलत गेला. प्रत्येक दुरुस्तीपुढे बारीक अक्षरात वर्ष.

मेहुण्याने आपला कागद दाराशेजारी धरला. दोन ठिकाणी फरक होता, बाकी सगळं जुळलं. तो म्हणाला, “हे ऑफसेट टेबल आहे.” मामा म्हणाला, “हे कपाटाचं दार आहे.”

मग मेहुणा बराच वेळ बोलला नाही. त्याला गाळ्यात यायचं होतं, डिप्लोमा झाल्यावर त्याने विचारलंही होतं. अण्णा नको म्हणाले होते, आणि कारण दिलं नव्हतं. तो सल त्याच्या मनात होता, हे मला आज कळलं. मामा म्हणाला, “कारण मला सांगितलं होतं. या मशीनवर शिकलास तर तुझा हात या मशीनचा होईल, असं म्हणाले. तुला सरळ मशीन मिळावं, एवढंच.”

कपाटाच्या खालच्या खणात तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पितळी काम सापडलं. एक जाड दांडा, त्यावर भरड आटे पाडलेले, आणि एक जाडसर टोपी, नुसतीच बोअर केलेली. डायरीत याची ओळ नाही. पार्टी नाही, दर नाही. मामालाही माहीत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. शाळा बंद. पाणी गाळ्याच्या पायरीला लागलं. मामाने पहाटेच येऊन मोटर सोडवून टेबलावर चढवून ठेवली होती. आत पाणी आलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पितळी दांडा घरी नेला. जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला तर आई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, “अगं बाई, माझा सोऱ्या.”

जुना सोऱ्या त्यांच्या सासूबाईंचा. दोन दिवाळ्यांपासून टोपीचे आटे गेले होते, चकली पाडताना दांडा फिरायचा आणि पीठ तसंच. आई म्हणत होत्या नवा आणू, बाजारात पाहिजे तेवढे मिळतात. अण्णा म्हणाले होते, थांब. ही गोष्ट मागच्या दिवाळीची. मग आई विसरून गेल्या. “विचारलं की म्हणायचे, लाइनीत आहे. गिऱ्हाइकांच्या मागे माझा नंबर.” हसल्या. मग आत गेल्या.

यंदा आमच्याकडे गणपती नाही, दिवाळीचा फराळही घरी होणार नाही, वर्ष व्हायचंय. सोऱ्याची घाई कुणालाच नाही. तरी बाकी कामांच्या यादीत मी तो लिहून टाकला. पार्टी: घरी. अ‍ॅडव्हान्स: नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

सोऱ्याचं गणित. मामाने दांड्याच्या आट्यांवर पट्टी धरली: दहा आट्यांना चाळीस मिमी. म्हणजे चार मिमीचा पिच, सरळ मेट्रिक. जुना दांडा आईंकडून आणून पाहिला, तोही तसाच.

अडचण अशी, की अण्णांचा लेथ इंची आहे. सॅडल सरकवणाऱ्या लीड स्क्रूवर एका इंचात चार आटे, म्हणजे स्क्रूचा एक फेरा झाला की सॅडल पाव इंच, म्हणजेच ६.३५ मिमी सरकतो. आपल्याला हवेत ४ मिमी. चार भागिले ६.३५ म्हणजे ८०/१२७. एक इंच २५.४ मिमीचा, तर पाच इंच बरोबर १२७ मिमीचे, आणि १२७ ला एक आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही. इंची लेथवर अचूक मिमीचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं चेंज गिअर लागतंच. हे मी कागदावर मांडलं तेव्हा मामा म्हणाला, “ते मला नाही माहिती. १२७ लावायचं, एवढं माहिती.”

गिअरच्या पेटीत १२७ नाही. बाकी सगळी आहेत, दोऱ्यात ओवलेली.

मामाकडे तोड होती. ६३ दात्यांचं गिअर ४० बरोबर लावलं की जवळपास तेच येतं. टोपीत आटे पाचच, त्यात फरक कळणारही नाही. “सोऱ्याला चालून जाईल,” म्हणाला. मग दांडा हातात घेतला, उजेडात धरून फिरवला आणि परत कागदात ठेवला. “दांडा १२७ वर कापलाय. टोपी ६३ वर नको.”

डायरीत शोधलं. फेब्रुवारीत एक ओळ सापडली: ‘१२७, मागची लाइन, शेठ’. बरोबरची खूण नाही.

७ सप्टेंबर, रविवार

मागच्या लाइनीतल्या शेठकडे गिअर होतं. ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. “मी आणून देणार होतो, पण कुणाकडे देऊ? शटर बंद,” ते म्हणाले. जवाहर बाग स्मशानभूमीत अंत्ययात्रेला ते होते, मला आठवत नव्हतं. कामाच्या कपड्यांतच आलेली पाच-पंचवीस माणसं आठवतात, त्यांतले एक.

टोपीचं काम मामाने दुपारी घेतलं. पितळेचं टूल वेगळं, त्याला वरून धार उतरती ठेवायची नाही, सपाट ठेवायची, नाहीतर ते जॉबमध्ये घुसतं. त्याने ग्राइंडरवर आतले आटे पाडायचं छोटं टूल घासलं, दांड्याच्या आट्यांत बसवून बघितलं, पुन्हा घासलं. पितळेचा कीस गुंडाळी होत नाही, सुयांसारखा उडतो; माझ्या शर्टच्या आत गेला आणि संध्याकाळपर्यंत टोचत होता.

इंची स्क्रूवर मिमीचे आटे पाडताना आणखी एक बंधन आहे. नेहमी कट संपला की हाफ नट, म्हणजे सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारी पकड, सोडून सॅडल हाताने मागे आणतात, आणि डायल बघून पुन्हा पकडतात. इथे ती डायल उपयोगाची नाही. एकदा हाफ नट सोडला की टूल पुन्हा त्याच आट्यात पडेल याचा भरवसा नाही. म्हणून सोडायचाच नाही: टूल बाहेर घ्यायचं, मोटर उलटी फिरवायची, टूल मागे येऊ द्यायचं, थोडं आणखी आत देऊन परत पुढे. हळूहळू, प्रत्येक वेळी केसाएवढं. मधे मामा मशीन थांबवून दांडा लावून बघायचा. बराच वेळ दांडा तोंडाशीच अडत होता. मग एका वेळी अर्धा आटा गेला. पुढच्या कटानंतर दोन. त्यानंतर त्याने टूलला हातच लावला नाही, तोच कट दोनदा नुसता फिरवून घेतला, आणि दांडा तळहाताने फिरवला तो शेवटपर्यंत गेला. हलवून पाहिला, खडखड नाही.

मामाने डायरी मागितली आणि फेब्रुवारीच्या त्या ‘१२७’ पुढे बरोबरची खूण केली.

२० सप्टेंबर, शनिवार

लेथ हलवला. मामाच्या चुलतभावाचा रबाळे एमआयडीसीत गाळा आहे, त्यातला एक कोपरा मामाला भाड्याने मिळाला. लेथ आता मामाचा. त्यावरून आठवडाभर वाद झाला: आई म्हणत होत्या, असाच ने; मामा म्हणत होता, फुकटचं मशीन मी चालवणार नाही. शेवटी भंगारवाल्याने सांगितलेल्या भावाच्या दुप्पट, हप्त्याने, बिनव्याजी. बँकेतल्या माणसाला हा व्यवहार बघवत नाही, पण मला कुणी विचारलं नाही.

खलाशी, म्हणजे जड मशीन हलवणारे, पाच जण, पहार, पाइप आणि चेन पुली घेऊन आले. आधी मोटर, टेलस्टॉक, चक उतरवले. मग बेडखाली पहार घालून एका बाजूने उचलायचं, पाइप सारायचा, दुसऱ्या बाजूने उचलायचं. मुकादम बोलत नव्हता, फक्त बोटं दाखवत होता. दारापर्यंत लेथ पाइपांवरून आला, तिथून हायड्रा क्रेनने ४०७ टेम्पोत. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं असणार म्हणून कळव्यावरून न जाता चेकनाक्याहून ऐरोली पुलावरून गेलो.

मोठं कपाट भंगारात गेलं. दार आधी बिजागऱ्यांतून सोडवून घेतलं. ते पुढच्या सीटवर, मामाच्या मांडीवर.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दरवर्षी अण्णा लेथला झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून, लाइनीतल्या सगळ्यांना पेढे वाटायचे आणि त्या दिवशी बटण दाबायचे नाहीत. यंदा आमच्याकडे सण नाही. आईंना विचारलं तर म्हणाल्या, “सण आपल्याला नाही. मशीन आता बारक्याचं आहे, त्याला आहे.” आणि स्वतः रबाळ्याला आल्या. बायकोही आली. नव्या जागेत यायला तिला जड गेलं नाही.

मामाच्या मुलीने माळ घातली. ती यंदा दहावीला आहे. आईंनी पेढा हातावर ठेवता ठेवता मामाला विचारलं, “मार्चमध्ये रात्रीची कामं घेणार आहेस?” मामा म्हणाला, भाडं भरायचंय, हप्ता आहे. आई म्हणाल्या, “मार्चचा हप्ता नको.”

मुलगी बायकोला भूमितीतलं काहीतरी विचारत होती. पूजा झालेली, मशीन चालवायचं नाही, तेव्हा बायकोने कंपाउंड स्लाइडचा कोन नुसता फिरवून दाखवला आणि खडू मागितला.

५ ऑक्टोबर, रविवार

लेव्हल आणि चाचणी. मेहुणा व्हिडिओ कॉलवर.

हलवलेला लेथ लगेच खरं कापत नाही. जमीन सरळ नसेल तर बेडला पीळ बसतो. बेडवर मशीन लेव्हल आडवी-उभी ठेवून पायांखाली पत्र्याच्या शिम सरकवल्या. मग खरी परीक्षा: चकमध्ये एक जाड बार, टेलस्टॉकचा आधार न देता, त्यावर दोन कडी, मधलं अंतर सहा इंच. टूलला हात न लावता एकाच कटात दोन्ही कडी कापायची आणि मोजायची. पहिल्या वेळी ०.०५ चा फरक. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली एक पातळ शिम, बोल्ट आवळले: ०.०३. आणखी एक, अर्धी कापून: ०.०१.

“बस कर,” मेहुणा म्हणाला. मामाने तक्त्यात बघितलं. बाहेरचं कडं चकपासून नऊ इंचांवर होतं, आतलं तीनवर. त्याने तोच कट परत घेतला आणि या वेळी दारावरच्या आकड्याप्रमाणे आतल्या कड्यावर अर्धं घर, बाहेरच्यावर पाव घर हाताने दिलं. मायक्रोमीटर दोन्हीकडे एकच सांगायला लागला. मेहुण्याने तिकडून पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

दार भिंतीला दोन खिळ्यांवर टांगलंय. मेहुण्याला जिथे फरक आढळला होता त्या दोन ओळी मामाने खोडून नव्या लिहिल्या आणि पुढे २०२५ टाकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुन्या गाळ्याच्या चाव्या दिल्या. मालकाने तेलाने काळी झालेली फरशी दाखवून डिपॉझिटमधून पैसे कापले. वाद घालायची तयारी करून गेलो होतो. आई म्हणाल्या, काळी केलीच होती, कापू दे.

हिशोब: सगळी अ‍ॅडव्हान्स फिटली. ड्रिल आणि ग्राइंडर मामाकडे. पॉवर हॅक्सॉ मागच्या लाइनीतल्या शेठने घेतला. १२७ पेटीत आहे. डायऱ्या आमच्या घरी, माळ्यावर नाही, हॉलच्या कपाटात. सोऱ्याला आईंनी चिंच लावून घासलंय, पण तो शेजारी गेलाय; शेजारच्या वहिनींनी चकलीचं पीठ मळलं आणि त्यांचा सोऱ्या अडकला.

बाकी: लेथच्या मोटरचा बेल्ट बदलायचाय. मामाला कळव्याच्या एका पार्टीकडून चाळीस बुशची ऑर्डर आलीय, त्याला कोटेशन टाइप करून हवंय. दर त्याने सांगितला तो कमी वाटला, म्हणून आधी आईंना दाखवतो.